दुसऱ्यांदा फिरलेला डबा

फ्राउकेबाईंच्या घरी रविवारच्या कॉफीबरोबर एक बिस्किट मिळायचं. एक म्हणजे एकच. डबा टेबलाभोवती फिरायचा, प्रत्येक जण एक उचलायचा, डबा परत फ्राउकेबाईंपाशी यायचा आणि त्या झाकण लावायच्या. टक्. मग कॉफीचा दुसरा कप यायचा, कधी तिसराही, पण झाकण काही हलायचं नाही. हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलँडच्या त्या पट्ट्यात हे असंच चालतं आणि कुणाला त्यात चिक्कूपणा दिसत नाही. दुसऱ्या बिस्किटाची ज्याला आशा, त्याच्याच घरी काहीतरी कमी असणार, असं तिथे मानतात.

लिओनी ही त्यांची सून, पार दक्षिणेची, लिम्बुर्खची. तिच्या माहेरी फळांचा गोल व्लाय कापला की पाहुण्याच्या बशीत चतकोर तुकडा पडायचा, आणि तो संपायच्या आत दुसरा. नको म्हणणाऱ्याला ‘बरं नाही का तुला?’ असं काळजीनं विचारायचे. अशा घरातली पोर या घरात आली आणि लग्नाआधीच्या पहिल्याच भेटीत तिनं डब्यातून दोन बिस्किटं उचलली. टेबलावर कुणी चकार शब्द काढला नाही. न बोलण्यात ही माणसं पटाईत. फक्त निघताना विट्सेचे, म्हणजे तिच्या होणाऱ्या नवऱ्याचे काका कोट चढवत म्हणाले, “मुलगी चांगली आहे. प्रवासात भूक लागली असेल बिचारीला.” हे वाक्य पुढे वीसेक वर्षं दर वाढदिवसाला कुणी ना कुणी उगाळलं. काका गेले, वाक्य राहिलं.

तेव्हापासून लिओनीनं त्या घरात दुसरं बिस्किट घेतलं नाही. पण नजरेचं काय करणार? हात आवरता येतो. झाकणावर बर्फावरून स्केटिंग करत जाणारी माणसं होती, निळ्या स्वेटरातली, आणि त्यांतला शेवटचा जरा मागे पडलेला होता. लिओनीला तो घरच्या माणसासारखा पाठ झाला होता. डब्यात साखरेची आहेत की बडीशेपेची अंगठ्याएवढी डुमके, हे तिला झाकण उघडायच्या आधी वासावरून कळायचं. आपल्या बशीतलं बिस्किट ती अगदी हळू, कडेकडेनं खायची. मग घरी लेउवार्डनला आली की कोट न काढता स्वयंपाकघरात उभ्या उभ्या अर्धा पुडा संपवायची. अंगानं ती भरत गेली. ‘खाते कुठे एवढं?’ असं नवऱ्याकडची माणसं एकमेकांना नजरेनं विचारायची, आणि ती नजर लिओनीला बरोबर दिसायची.

गेल्या वर्षी तिच्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिला विद्यापीठातल्या एका तपासणीला धाडलं. जास्त खाणाऱ्या माणसांची नजर कुठे जाते ते तिथे बघत होते. पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी यायची, एक खाण्याचं, एक कशाचंही, बुटाचा ब्रश म्हणा, कुलूप म्हणा. चित्रं गायब व्हायची, त्यांतल्या एकाच्या जागी ठिपका उमटायचा, आणि तो दिसला की बटण दाबायचं. केकच्या जागी ठिपका आला की लिओनीचं बोट लगेच पडायचं. ब्रशाच्या जागी आला की वेळ लागायचा.

“तुमची नजर आधी खाण्यावर जाते,” तिथली तरुण मुलगी नंतर समजावून सांगत होती. “मग तुम्ही ती ओढून काढता, आणि ती परत तिथेच जाते. हे तुम्ही ठरवून करत नाही हं. ठरवायच्या आत होऊन जातं.”

“एवढं सांगायला यंत्र कशाला लागतं?” लिओनी म्हणाली. “माझ्या सासरी विचारलं असतं तरी कळलं असतं.”

मुलगी हसली. मग तिनं विचारलं, “मागे आवाज चालू होता, तो कशाबद्दल होता ते सांगाल?”

“कुठला आवाज?”

“एक बाई बातम्या वाचत होती. सबंध वेळ.”

लिओनीला आवाज होता हेसुद्धा ठाऊक नव्हतं. गाडीनं घरी येताना तिच्या मनातून ते जाईना. तिला सासरे आठवले, येल्ले. फार कमी बोलणारा, चांगला माणूस. ते जायच्या आधीच्या रविवारी कॉफीच्या टेबलावर पुष्कळ बोलले होते, सगळे नंतर म्हणायचे, काय बोलले बाई त्या दिवशी, जणू कळलंच होतं त्यांना. लिओनी तिथेच होती, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. त्या दिवशी डब्यात लोण्याची गोल बिस्किटं होती आणि त्यांतलं एक तुटकं होतं, एवढं ती शपथेवर सांगू शकली असती. येल्ले काय बोलले, त्यातलं एक अक्षर तिच्यापाशी नव्हतं. याचं तिला फार वाईट वाटलं, आणि हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

तर असं सगळं असताना मार्च महिन्यातल्या एका रविवारी डबा फिरला, परत फ्राउकेबाईंपाशी आला, आणि टक् झालंच नाही.

लिओनीनं मान वर केली. झाकण डब्याशेजारी उलटं पडलं होतं, स्केटिंगवाली माणसं तोंडघशी. नणंद रिन्स्के तिच्या गळक्या छपराबद्दल सांगत होती. विट्से मोबाइलमध्ये. फ्राउकेबाईंनी दुसऱ्यांदा कॉफी ओतली, कपाची दांडी ज्याच्या त्याच्या हाताकडे वळवली, आणि मग दोन बोटांनी डबा टेबलाच्या मध्यावर सरकवला.

“घ्या,” त्या म्हणाल्या.

विट्सेनं वर न बघता एक उचललं. रिन्स्केचं छप्पर चालूच होतं. लिओनीनं हात मांडीवर दाबून धरले. तिच्या पोटात आधी आनंद झाला, अगदी पोरासारखा, आणि त्याच्या मागोमाग भीती आली. सिट्टार्डच्या तिच्या मावशीचं असंच सुरू झालं होतं. सूपमध्ये दोनदा मीठ. मग तीच गोष्ट पुन्हा पुन्हा. मग एके दिवशी मावशीनं तिला विचारलं होतं, ‘तू कुणाची गं?’

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. या खेपेला डबा मध्यावर न थांबता थेट लिओनीच्या बशीपर्यंत आला. फ्राउकेबाई तिच्याकडे बघत होत्या, डोळे जरा बारीक करून, जणू काहीतरी आठवायचा प्रयत्न चालला असावा.

“नको, आई. थँक यू,” लिओनी म्हणाली.

“बरं,” फ्राउकेबाई म्हणाल्या आणि डबा तसाच उघडा ठेवला.

घरी परतताना बांधावरच्या रस्त्याला तिनं विट्सेपाशी विषय काढला. विट्से मोठ्यानं हसला. तो मनानं सरळ माणूस, टोचून बोलणं त्याच्या रक्तात नाही, पण हसला.

“आईनं डबा दोनदा फिरवला, हे तुझ्याच बरं लक्षात आलं.”

“तू दुसरं खाल्लंस, विट्से.”

“मी?”

“दोन्ही रविवारी.”

त्यानं आठवून पाहिलं. त्याला काही आठवेना. मग लिओनीनं मावशीचं सांगितलं, मिठापासून शेवटपर्यंत, तसा त्याचा चेहरा उतरला. त्यानं गाडीचा वेग कमी केला. “रिन्स्केच्या कानावर घालायला हवं,” शेवटी तो म्हणाला.

रिन्स्के हसणार, ‘खाई त्याला खवखवे’ म्हणणार, याची लिओनीनं मनाची तयारी केली होती. रिन्स्के हसली नाही. फोनवर तिनं एकेक गोष्ट विचारून घेतली.

“एकाच कॉफीला? दोनदा? मी छपराच्याच नादात होते.”

“हो.”

“आणि झाकण?”

“उघडंच.”

“अरे देवा,” रिन्स्के म्हणाली.

त्या घरात एवढा पुरावा पुरेसा होता. फ्राउकेबाई गॅस चालू ठेवून चर्चला गेल्या असत्या तर कुणी म्हणालं असतं, वय झालं, होतं असं. पण दुसरं बिस्किट? रिन्स्के शाळेची मुख्याध्यापिका. हातात घेतलेलं काम ती दुपारपर्यंत तडीस नेते. आठवडा उलटायच्या आत तिनं डॉक्टरांशी बोलून स्मरणशक्तीची तपासणी ठरवली, फ्रानेकरच्या वृद्धाश्रमात चौकशी केली, तिथे बागेकडची एक खोली मोकळी होतेय असं कळल्यावर ती धरूनही ठेवायला सांगितली. “जागा रोज मिळत नाहीत,” ती म्हणाली. “आणि जिना बघितलायस ना आईच्या घरचा? एकदा डोकं साथ देईना झालं की एवढ्या मोठ्या घरात एकटी कशी राहणार? तपासणीत काही निघालं तर आपण मागेपुढे बघायचं नाही.”

तेव्हा कुठे लिओनीच्या पायाखालची वाळू सरकली. फ्राउकेबाई त्या घरात नवरी म्हणून आल्या होत्या. बांधाच्या कडेचं घर, मागे गोठा, आता रिकामा, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट गवताचं रान. “मला इथून आडवीच न्या,” त्या म्हणायच्या, आणि त्या जे म्हणायच्या ते तसंच असायचं. आता लिओनीच्या एका वाक्यानं ते घर जाणार होतं. मी बोलले नसते आणि त्या खरंच जिन्यावरून पडल्या असत्या तर? आणि बोलले ते चुकीचं निघालं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. त्या आठवड्यात तिनं कपाटातले सगळे पुडे संपवले आणि एकाचीही चव तिला लागली नाही.

तपासणी घरीच होती, गुरुवारी सकाळी. डॉक्टरांकडची नर्सबाई आली, त्याच भागातली, गोल चेहऱ्याची, गुडघ्यावर पाटी ठेवून बसणारी. रिन्स्के शाळेतून रजा घेऊन आली होती. विट्सेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्याच्या वतीनं लिओनी. फ्राउकेबाईंनी चर्चला जाताना घालायचं कार्डिगन घातलं होतं. कॉफी झाली. डबा आणलाच नाही त्यांनी. तो खिडकीच्या फळीवर होता, हे लिओनीनं खोलीत पाय टाकतानाच पाहिलं होतं.

“आज वार कोणता, सांगाल का?” नर्सबाईनं सुरुवात केली.

“गुरुवार. तुम्हाला ठाऊक नसतं तर तुम्ही आला नसतात.”

“बरं. आता शंभरातून सात वजा करत जायचं.”

फ्राउकेबाई वजा करत गेल्या, इतक्या झरझर की नर्सबाईला पाटीवरचं बोट पुढे सरकवायला सवड मिळेना. “थांबू का कुठे,” त्यांनी विचारलं, “की शून्यापर्यंत जायचंय? शून्य बरोब्बर येत नाही, आधीच सांगते.” मग त्यांनी घड्याळ काढलं, काटे नेमके लावले. लक्षात ठेवायला दिलेले शब्द शेवटी न विचारताच म्हणून दाखवले. रिन्स्केचा चेहरा सैल होत गेला. लिओनीला वाटलं, संपलं, सुटलो.

“छान,” नर्सबाई म्हणाली. “आता घरच्यांना विचारते. तुमच्या काही लक्षात आलंय का? नेहमीपेक्षा वेगळं?”

रिन्स्के लिओनीकडे वळली. “तू सांग. तू पाहिलंस.”

फ्राउकेबाईही वळल्या. लिओनीचे कान तापले. ज्या टेबलावर तिनं दोन बिस्किटं उचलली होती त्याच टेबलावर बसून तिला आता हे सांगायचं होतं.

“आईंनी डबा दोनदा फिरवला,” ती म्हणाली. “कॉफीला. दोन रविवार. झाकण लावलं नाही.”

नर्सबाईचं पेन थांबलं. तीही तिथलीच होती. “दुसऱ्या कपाबरोबर?” तिनं हळूच विचारलं.

“हो.”

नर्सबाईनं लिहून घेतलं. बराच वेळ लिहीत होती. फ्राउकेबाई आपल्या हातांकडे बघत बसल्या होत्या.

“आई, तुझ्या लक्षात आहे का हे?” रिन्स्केनं विचारलं, वर्गातल्या मुलाला विचारावं तशा मऊ आवाजात, आणि तो मऊपणाच जास्त भीतिदायक होता.

“मी काही विसरले नव्हते.”

“मग का फिरवलास?”

“माणसांपुढे बिस्किटं ठेवली. त्याला आता डॉक्टर लागतो का?”

“पण आई, तू असं कधी करत नाहीस.”

नर्सबाई उठली. गुण पूर्ण होते, ती म्हणाली, काळजीचं काही दिसत नाही. मात्र जन्माची सवय अशी अचानक बदलणं, तेही खरं, त्याची नोंद घ्यावी लागते. रिन्स्के तिला पोचवायला गाडीपर्यंत गेली. खिडकीतून दोघी दिसत होत्या. रिन्स्के बोलत होती, हातांनी जिन्याची उंची दाखवत होती.

आत दोघीच उरल्या. फ्राउकेबाई उठल्या, फळीवरचा डबा त्यांनी टेबलावर आणून ठेवला आणि झाकण काढलं. डुमके होती.

“आई, मला माफ करा,” लिओनी म्हणाली. “माझ्या मावशीचं असंच झालं होतं, म्हणून मी…”

“तू डब्याकडे बघतेस,” फ्राउकेबाई म्हणाल्या. “पहिल्या दिवसापासून.”

लिओनीच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत हे तिला तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. “मला ठाऊक आहे,” ती कशीबशी बोलली. “सगळ्यांना ठाऊक आहे. मी काय करू?”

“सगळ्यांना काही ठाऊक नाही. यांना काय कळतंय? विट्सेला तर आपण काय खाल्लं तेही कळत नाही. मला ठाऊक आहे, कारण मीही तिकडेच बघत असायचे. डब्याकडे दुसरं कोण बघतंय, हे डब्याकडे बघणाऱ्यालाच दिसतं.”

लिओनीला आधी समजलंच नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली. वाळक्या काठीसारखी बाई, उभ्या आयुष्यात जिच्या अंगावर मूठभर मांस चढलं नाही.

“लग्न होऊन आले तेव्हा मी डबा एका बैठकीत संपवायचे,” फ्राउकेबाई म्हणाल्या. त्या खिडकीबाहेर बघत सरळ आवाजात सांगत होत्या. “येल्ले गोठ्यात असायचा. मी एक खायचे, झाकण लावायचे, अंथरुणं आवरायला जायचे, आणि परत यायचे. काम करताना डोळ्यांपुढे डबाच. एकदा पाहुणे दारात आले आणि घरात द्यायला एक बिस्किट उरलं नव्हतं. येल्ले तेव्हा काही बोलला नाही. रात्री म्हणाला, काय करू सांग. मी म्हटलं, झाकण घट्ट कर. असं कर की काढलं की गोठ्यापर्यंत ऐकू जावं. त्यानं हातोडीनं कड ठोकून दिली.”

त्यांनी झाकण हातात घेऊन बोटानं कड दाखवली. बारीक ठोके होते, एकाशेजारी एक, नीट निगुतीनं घातलेले.

“लोकांपुढे एकच घ्यायचं, आणि आवाज करून मिटायचं. मग दिवसभर मी डबा उघडू शकायचे नाही. तो ऐकेल म्हणून. तो गेल्यावरसुद्धा.”

“आणि मला वाटायचं,” लिओनी म्हणाली, “तो आवाज मला ऐकवायला आहे.”

“हो. ते मला मागाहून कळलं. या हिवाळ्यात मला ताप आला होता ना, तेव्हापासून तोंडाची चव गेली. साखर काय नि खडू काय, सारखंच. पहिल्यांदा एका रविवारी माझी नजर डब्यावर गेली नाही. बसल्या बसल्या तुम्ही लोक काय बोलता ते मला ऐकू आलं.” त्या थांबल्या. “फार काही नसतं.”

लिओनीला रडता रडता हसू आलं.

“आणि समोर तू दिसलीस. माझंच तोंड घेऊन बसलेली. मनात आलं, कुलूप माझ्यासाठी होतं, आणि ही पोर बाहेरची असून त्याच्याआड इतकी वर्षं बसलीय. म्हणून म्हटलं, आता राहू दे उघडं. एवढंच. ते रिन्स्केला सांगू म्हणतेस? तिला आई म्हणजे कोण वाटते ते तुला ठाऊक आहे. सांगितलं तर घर राहील माझं, पण सबंध गावाच्या वाढदिवसांना पुरेल एवढं गमतीचं वाक्य होईल ते. मला नाही जमणार. या वयात नाही.”

म्हणजे न सांगावं तर फ्रानेकरची खोली, आणि सांगावं तर हे. वाढदिवसाचं वाक्य म्हणजे काय असतं, ते लिओनीइतकं त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दार वाजलं. रिन्स्के आत आली, कोट अंगावर तसाच.

“हे बघ आई,” ती बसत म्हणाली, “नुसती खोली बघून यायला काय हरकत आहे? बागेकडची आहे. आता सगळं ठीक आहे, मान्य. पण असं अचानक कुणी बदलतं का? तूच सांग.”

फ्राउकेबाईंचे हात टेबलावर, बोटं एकमेकांत.

“रिन्स्के,” लिओनी म्हणाली. “डबा आईंनी नाही फिरवला.”

“काय?”

“मी ओढला. त्या कॉफी ओतत होत्या तेव्हा. झाकण मीच काढलं, आणि सगळ्यांपुढे सरकवला म्हणजे मलाही घेता येईल. विट्सेनं आईंनीच दिलं असं समजून घेतलं असेल, त्याचं काय लक्ष असतं. मग गाडीत मला लाज वाटली, म्हणून आईंचं नाव घेतलं. आणि तू इतक्या भराभर सगळं ठरवलंस की मला सांगता येईना. मघाशी आईंनी मला सांभाळून घेतलं.”

फ्राउकेबाईंनी तोंड उघडलं. त्यांच्या घरात खोटं बोलत नसत. लिओनीनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते तोंड मिटलं.

रिन्स्के लिओनीकडे बघत राहिली. ती अविश्वास दाखवेल, उलटतपासणी घेईल, निदान दोनदा विचारेल, असं लिओनीला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. रिन्स्केच्या खांद्यांवरचा भार दिसेल असा उतरला.

“तरीच,” ती म्हणाली. “तरीच म्हटलं. आई दुसऱ्यांदा डबा फिरवेल हे मला पटतच नव्हतं.” मग तिला हसू फुटलं, आणि त्यात राग कमी, सुटका जास्त होती. “प्रवासात भूक लागली असेल तुला.”

“हो ना,” लिओनी म्हणाली. तिला वाटलं होतं, हे फार लागेल. लागलं, पण तिला वाटलं होतं तितकं नाही.

“फ्रानेकरला फोन करून सांगते. आणि त्या नर्सबाईंनाही. काय म्हणतील त्या आपल्याला.” रिन्स्के मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.

फ्राउकेबाईंनी डबा जवळ ओढला. झाकण उचललं, बर्फावरच्या माणसांवरून एकदा हात फिरवला आणि ते लावलं. टक्. आता ते लावायलाच हवं होतं, दर रविवारी, रिन्स्के बघेल असं. दोघींनाही ते कळलं.

“वाईट झालं,” फ्राउकेबाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी उघडलं होतं.”

“असू दे, आई.”

पुढच्या रविवारी डबा फिरला. साखरेची होती. लिओनीनं एक घेतलं, विट्सेनं एक, रिन्स्केनं जरा मोठ्यानं “एक” म्हणत एक घेतलं आणि सगळे हसले, लिओनीसुद्धा. डबा परत गेला. टक्. लिओनीची नजर सवयीनं त्या झाकणावर गेली, मागे पडलेल्या शेवटच्या माणसापर्यंत. मग वर आली तर फ्राउकेबाई तिच्याकडेच बघत होत्या. त्या हसल्या वगैरे नाहीत, तो त्यांचा स्वभाव नव्हे. कपाची दांडी तेवढी त्यांनी तिच्या हाताकडे वळवली.

घरी जाताना बांधावर पाऊस लागला. विट्सेनं वायपर लावले आणि जांभई देत विचारलं, “रिन्स्केच्या छपराचं शेवटी काय ठरलं गं? माझं लक्षच नव्हतं.”

“पन्हळ बदलायची ठरलीय,” लिओनी म्हणाली. “पण ज्याला सांगितलं त्याचा हात मोडलाय, म्हणून ईस्टरनंतर. शेजारच्यांनी मेंढ्या काढून टाकल्या. आणि आई म्हणाल्या, बाबांना मेंढ्या कधी आवडायच्या नाहीत, पण त्यांनी ते शेजाऱ्याला चाळीस वर्षांत कळू दिलं नाही.”

विट्सेनं तिच्याकडे वळून पाहिलं. “तू ऐकत होतीस सगळं?”

“सगळं नाही. झाकण लागल्यानंतरचं,” लिओनी म्हणाली. “फार काही नव्हतं.” आणि तिनं तोंड खिडकीकडे वळवलं, कारण येल्लेंबद्दलचं ते एक वाक्य तरी आता तिच्यापाशी होतं.